तोंडभर चुका

बायको गेली हे सोफेवाल्याला कळलं तेव्हा तो दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाकावर बसला होता. बाकाची गादी कोपऱ्यात उसवली होती आणि आतला स्पंज बाहेर लोंबत होता. डॉक्टर आले, समोर उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यातच त्याला काय ते समजलं. मग डॉक्टर बोलत राहिले आणि हा बोटाने तो स्पंज आत ढकलत राहिला. आयुष्यभर लोकांचे सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा नव्या करून दिलेला माणूस. बाकी काही हातात उरलं नव्हतं, ते बोट तेवढं आपलं काम करत होतं.

सकाळी सगळं ठीक होतं. त्याचं दुकान उताराच्या रस्त्यावर. आत बायको मशीनवर कव्हरं शिवायची आणि बाहेर फुटपाथवर हा ती खुर्चीवर ताणून ठोकायचा. शेजारी न्हाव्याचं दुकान, समोर रस्त्यापलीकडे दोऱ्या-बटणांचं. त्या दिवशी गोट संपला, म्हणजे कव्हराच्या कडेला शिवतात ती दोरी, आणि ती आणायला बायको रस्ता ओलांडून निघाली. वरून लाँड्रीची गाडी आली. एवढंच. सांगायला वेळ लागत नाही.

मेहुणी दवाखान्यात पोचली ती पायांत दोन वेगळ्या चपला घालून. बायकोची धाकटी बहीण. दोघींचा एकमेकींवर इतका जीव, की फोनवर भांडल्या तरी भांडण मिटवायला तासाभरात परत फोन करायच्या. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली.

"भाऊजी, तुम्ही 'चिमणे' म्हणून हाक मारलीत तेव्हा ती मागे वळली ना? रस्त्याच्या मधोमध? आणि तेव्हाच गाडी आली, हो ना?"

"हो," तो म्हणाला.

त्या घडीला कुणी विचारलं असतं की तुमच्या डोक्यावर शिंगं आहेत ना, तरी तो हो म्हणाला असता.

मेहुणीने तसं का विचारलं, हेही उघड होतं. त्याला एक खोड होती. बायको काही आणायला निघाली की ती दारात असेपर्यंत याला काही आठवायचं नाही, आणि ती अर्ध्या रस्त्यात पोचली की सगळं आठवायचं. "अगं, सुया पण!" "अगं, खडू संपलाय बघ!" घरात त्याचं नावच 'अर्ध्या रस्त्याचा नवरा' पडलं होतं. बायको माहेरी जाऊन त्याची नक्कल करून दाखवायची आणि सगळ्यांत जास्त मेहुणी हसायची. मग बहिणीला रस्त्याच्या मधोमध गाडीने उडवलं म्हटल्यावर तिच्या मनात पहिलं दुसरं काय येणार?

पहिले काही दिवस त्याला स्वतःला नीटसं काहीच आठवत नव्हतं. नुसता एक आवाज, आणि धावणं. मग माणसं भेटायला येऊ लागली. मेहुणी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "भाऊजींनी हाक मारली, ती वळली, आणि..." पुढे तिच्याने बोलवत नसे. मग माणसं त्याच्याकडे वळायची. माणसं वाईट नव्हती. शोकाच्या घरात गप्प बसून राहणं कुणालाच जमत नाही, म्हणून विचारायची.

"कशाला हाक मारलीत हो? काही आणायचं राहिलं होतं का? दोरा वगैरे?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

"हो. दोरा."

"पांढरा?"

"हो, पांढराच असेल."

मेहुणीच्या नवऱ्याने विचारलं, "हातात हातोडा असेल ना तुमच्या? तोच वर करून बोलावलंत का?"

"हो. हातात तोच होता."

"तिने हसून बघितलं असेल," कुणीतरी डोळे पुसत म्हणालं. "तिला सवयच होती हसून बघायची."

असं करत करत सगळं जुळून आलं. उन्हाळा संपेपर्यंत त्याला तो प्रसंग डोळ्यांसमोर लख्ख दिसायला लागला. फुटपाथवर तो उभा, हातोडा वर केलेला. तोंडातून शब्द निघतात, "चिमणे, पांढरा दोरा पण आण!" ती रस्त्याच्या मधे थांबते, मागे वळते, हसते. आणि तिच्या डाव्या खांद्यामागून ती गाडी. जेवताना दिसायचं, दात घासताना दिसायचं. इतकं स्वच्छ दिसायचं की त्यात खोट असेल अशी शंका यायला जागाच नव्हती.

त्याने हाका मारणं सोडून दिलं. शेजारच्या खोलीत लेक असली तरी उठून जाऊन तिच्या खांद्याला बोट लावायचा. "बाबा, भुतासारखे मागे येऊन उभे राहू नका हो, दचकायला होतं," ती म्हणायची. लेक एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची. दचकून चालण्यासारखं काम नव्हतं ते. दुकान बंदच होतं. आत ती अर्धी ठोकलेली खुर्ची तशीच उलटी पडून होती. विकून टाकू म्हणाला दुकान. लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग तपास अधिकाऱ्यांच्या कचेरीतून बोलावणं आलं. लाँड्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरवर केस उभी राहणार होती आणि याची साक्ष नीट घ्यायची राहिली होती. जायच्या आदल्या दिवसापासून त्याचं एकच म्हणणं होतं. "मी जाऊन सांगणार. त्या पोराला सोडा म्हणणार. मी हाक मारली नसती तर ती पलीकडे पोचली असती."

"बाबा, तुम्ही हाक मारली नव्हती हो," लेक बसमध्ये म्हणाली. "नव्हती ना मारली? नीट आठवा."

"तू होतीस का तिथे?"

"नव्हते."

"मग?"

"मग काय? आई गेली. आता तुम्हीपण चाललात तर मी काय करू?"

ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. तो रोज थोडा थोडा चाललाच होता.

तपास करणाऱ्या बाई मध्यम वयाच्या, केस आखूड कापलेल्या. टेबलावर पाण्याची बाटली आणि अर्धं सोललेलं संत्रं. त्यांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. प्लास्टिकच्या खुर्चीला तो खुर्ची म्हणत नसे, पण बसला.

"मॅडम," लेक उभ्याउभ्याच म्हणाली, "बाबांना उगाचच वाटतंय की त्यांनी..."

"तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"पण मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणूनच."

लेक तोंड फुगवून बाहेर गेली. दाराच्या काचेतून तिची नुसती वेणी दिसत राहिली.

"सांगा काका," बाई म्हणाल्या. "त्या सकाळी दुकान उघडलंत तिथपासून सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा. मी मधे बोलणार नाही."

"सांगण्यासारखं एवढंच की चूक माझी आहे."

संत्र्याची एक फोड बाईंनी उचलली होती, ती परत खाली ठेवली. त्या गप्प राहिल्या म्हणून त्यालाच बोलावं लागलं.

त्याने दुकान उघडल्यापासून सांगितलं. आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाची खुर्ची आली होती, हिरव्या कापडाची. मालकिणीला, म्हणजे बायकोला, ते कापड आवडलं नव्हतं. मालकीण म्हणाली, हा रंग म्हणजे आजारी माणसाचं तोंड. तरी तिने शिवलं झकास. तो बाहेर ठोकायला बसला. मालकीण आतून आली, म्हणाली, गोट संपला, आणते. मालकिणीने डोळ्यांवरचा चष्मा डोक्यावर सरकवला आणि निघाली.

"मग मी ओरडलो, 'चिमणे, पांढरा दोरा पण आण!' मी हातोडा वर केला होता. ती वळली. हसली. आणि गाडी आली."

सांगून झालं. छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. ते होतं तिथेच होतं.

मग बाईंनी विचारलं, "चिमणी कोण?"

"म्हणजे?"

"तुम्ही चिमणे म्हणून हाक मारलीत म्हणता. ती कोण?"

"बायकोच की. तिला म्हणायचे तसं."

"मला वाटलं, रस्त्यात आणखी कुणी होतं. तुम्ही आत्तापर्यंत मालकीण म्हणत होतात, म्हणून विचारलं."



लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट त्याला आठवली. सासरवाडीहून दोघं परत आले होते. तिथे दिवसभर चिमणे-चिमणे ऐकून त्यालाही गंमत वाटली होती, आणि घरात शिरता शिरता त्याने म्हटलं होतं, "चिमणे, जरा पाणी दे गं." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. "ते माहेरचं आहे. त्याला हात लावायचा नाही. तुमचं तुम्ही दुसरं शोधा." मग त्याने शोधलं. गल्ल्यावर तीच बसायची, हुकूम तीच सोडायची, म्हणून मालकीण. मालकीण, नाहीतर नुसतं अगं. त्या दिवसानंतर चिमणे त्याने चुकूनही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर ती वळली नसती, उलट भांडायला परत आली असती.

"मी तिला कधी चिमणे म्हणत नव्हतो," तो हळू आवाजात म्हणाला. "तिच्या माहेरचं नाव ते. तिची बहीण म्हणते."

"हं."

"पण मला ऐकू येतं ना. माझ्याच आवाजात."

"हं."

मग त्याला बाही आठवली. मेहुणीने धरलेली शर्टाची बाही, तिच्या पायांतल्या दोन वेगळ्या चपला, आणि तिचा तो प्रश्न, त्यात आधीच बसलेली ती हाक. त्याने ते बाईंना सांगितलं, जसं आठवलं तसं, अडखळत. मग पांढऱ्या दोऱ्याचं सांगितलं. हातोड्याचंही. कोणी काय विचारलं आणि आपण कसं हो म्हणत गेलो, ते. सांगता सांगता त्याला कळलं की खुर्चीत दुसऱ्याने भुसा भरावा तशी एकेका माणसाने त्याच्यात एकेक मूठ भरली होती, आणि वरून कापड मात्र त्याचंच होतं.

"मग मी हाक मारलीच नाही का?" त्याने विचारलं. आवाज इतका चढला की बाहेरची वेणी हलली.

"ते मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "मी नाही म्हटलं तर पुढच्या वेळी तुम्ही तेच आठवून याल. मी तिथे नव्हते. एक शब्द तुमचा नाही, एवढंच तुम्ही मला सांगितलंत. बाकीचं अजून कुणालाच माहीत नाही."

"मग कसं कळणार?"

"नाहीही कळणार कदाचित." त्यांनी पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. "आज मी काही लिहून घेत नाही. पुढच्या आठवड्यात या. खरं तर तोवर कुणाला काही विचारत फिरू नका, असंच मी सांगायला पाहिजे. पण तुमच्या तोंडावरून दिसतंय की तुम्ही विचारणार. मग निदान प्रश्नात उत्तर कोंबून विचारू नका. काय पाहिलंस ते सांग, एवढंच म्हणा, आणि गप्प बसा. ते गप्प बसणंच अवघड आहे."

बसमध्ये त्याने लेकीला सगळं सांगितलं. ती उसळलीच. "बघा! मी म्हणत नव्हते?"

"म्हणत होतीस. तूही तेच करत होतीस."

"काय?"

"मावशी म्हणाली, हाक मारलीत ना. तू म्हणालीस, मारली नव्हती ना. दोघी एकाच शाळेतल्या."

रक्त काढताना लेक लोकांना सांगायची, दुखणार नाही हं. लोक म्हणायचे, नाही दुखलं. तिला तेच आठवलं असावं, कारण उतरेपर्यंत ती स्वतःच्या दंडाकडे बघत होती.

विचारण्यासारखा माणूस एकच होता, शेजारचा न्हावी. गाडी धडकली ते त्याने पाहिलं नव्हतं. आत गिऱ्हाइकाला साबण लावत होता, आवाज ऐकून बाहेर आला. म्हणून त्याला फारसं कुणी काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोफेवाला त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. मागे लेक.

"अरे, कोण उगवलं हे!" न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला. खुर्चीत गळ्यापर्यंत पांढरं फडकं गुंडाळलेलं एक गिऱ्हाईक होतं, अर्ध्या गालावर फेस. "या राजे, या. दाढी केव्हापासून वाढवली? मला वाटलं अस्वल आलं. बस, याचा दुसरा गाल झाला की तुझाच नंबर."

सोफेवाला बसला. प्रश्न तोंडाशी येऊन तयार होता: तू मला ओरडताना ऐकलं नाहीस ना? जिभेच्या शेंड्यावर होता. तो गिळला. दुसरा आला: मी हाक मारली होती का? तोही गिळला. आयुष्यात एवढं गिळायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

"त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला, "तू काय पाहिलंस ते सांग. सगळं."

न्हाव्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. लेक काही बोलणार तोच बापाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"पाहिलं म्हणजे..." न्हावी वस्तरा पुसू लागला. "मी काय पाहणार? मोठा आवाज झाला. मी बाहेर पळालो. हातात ब्रश तसाच. वहिनी पलीकडे... ते जाऊ दे. तू पळत निघाला होतास. समोरून दुसऱ्या गाड्या थांबतायत की नाही याचं तुला भान नाही. मी मागून तुझी कंबर धरली. म्हटलं, एक गेलं ते गेलं, दुसरं नको. तू नुसता ऊं ऊं करत होतास. मला वाटलं, याला झटका आला, तोंड वाकडं झालं. मान धरून फिरवला तर..."

तो थांबला.

"तर काय?" खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसातून म्हणालं.

"तुम्ही गप्प बसा, गाल कापला जाईल." न्हावी सोफेवाल्याकडे वळला. "सांगू का खरंच? इतके दिवस बोललो नाही. असल्या वेळी असलं बोलायचं नसतं."

सोफेवाल्याने काही म्हटलं नाही. न बोलण्याने त्याच्या पाठीला घाम फुटला.

"तुझं तोंड चुकांनी भरलं होतं, लेका."

"चुकांनी?" गिऱ्हाईक म्हणालं.

"अहो, चुका. बारीक खिळे. हे लोक खुर्ची ठोकताना मूठभर चुका तोंडात भरतात आणि जिभेने एकेक बाहेर काढतात. रोज बघतो मी, मला बघवत नाही. मी म्हटलं, हा आता ओरडणार आणि सगळ्या घशात जाणार. म्हणून बोट घातलं तोंडात आणि उकरून काढल्या. खाली फुटपाथवर खणखण पडल्या. आणि या पठ्ठ्याने काय केलं?" न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला आणि उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. पेरापाशी एक अर्धगोल पांढरी खूण होती, दातांची. "असा चावला की हाडाला लागलं. महिनाभर चिंधी बांधून दाढ्या केल्या. लोक विचारायचे, काय झालं. काय सांगू? बायको गेलेल्या माणसाने चावलं म्हणू? वस्तरा लागला म्हणून सांगितलं. इतकी वर्षं धंदा केला, एकाला ओरखडा नाही आणि स्वतःचंच बोट कापून घेतलं म्हणून गल्लीभर हसं झालं माझं. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, जरा जपून हां."

लेक पुढे झाली. तिने न्हाव्याचा हात धरला, बोट उजेडाकडे वळवलं, आणि एखादी शीर शोधावी तसं निरखून पाहिलं. मग बापाकडे वळली.

"बाबा, जरा तोंड उघडा."

त्याने उघडलं. तिने वरचे दोन दात पाहिले. एक थोडा आडवा होता. खुणेतही एक टोक आडवं होतं.

"तुमचंच आहे," ती म्हणाली आणि तिला हसू की रडू काय येतंय ते तिलाच कळेना.

सोफेवाला उठला. बाहेर पडला आणि शेजारच्या आपल्या दुकानाचं शटर वर केलं. कित्येक दिवसांत न उघडल्याने ते कुरकुरलं. हिरव्या कापडाची खुर्ची तशीच उलटी होती. चुकांचा डबा तिच्याजवळ. त्याने सवयीने मूठ भरली आणि तोंडात टाकली. लोखंडाची चव आली, जिभेने आपसूक त्या फिरवायला सुरुवात केली, टोकं आत, डोकी बाहेर. मग त्याने हाक मारून पाहिली. चिमणे म्हणायला गेला. "ई-ए" असं काहीतरी आलं. पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. त्या चुका तोंडात असताना हाक मारताच येत नाही. हातोडा चालतो, डोळा चालतो, जीभ गुंतलेली असते. म्हणून तर बायको म्हणायची, तुम्ही ठोकायला बसलात की घराला शांतता मिळते. आणि काही सांगायचं असलं की ती मुद्दाम तेव्हाच येऊन सांगायची. गोट संपला, आणते. तो मान हलवून हं म्हणाला होता. तोंडभर चुका घेऊन. मान खाली घालून.

मग तिची पावलं. मग आवाज. त्याच्या आधी काही नाही.

"काय म्हणताय?" लेक दारात उभी होती. तिच्या मागे न्हावी, आणि त्याच्या मागे फडकं गळ्यात तसंच ठेवून ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक.

त्याने चुका हातावर काढल्या. "म्हटलं," तो म्हणाला, "मी हाक मारली नाही."

"तेच आम्ही..." लेक म्हणू लागली आणि तिने स्वतःचंच तोंड दाबलं.

"इतके दिवस हा म्हणत होता चूक माझी, चूक माझी," न्हावी गिऱ्हाइकाला म्हणाला. "होत्याच की त्याच्या. मूठभर होत्या. मीच काढल्या."

सोफेवाला हसला. अशा प्रसंगात हसू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ते आलं ते थांबेना, आणि कधी त्याचं रडणं झालं ते कळलं नाही. पण ते रडणं वेगळं होतं. इतके दिवस तो स्वतःसाठी रडत होता, आपण काय केलं म्हणून. आता पहिल्यांदा तो नुसता तिच्यासाठी रडला. न्हावी आत जाऊन दाढीच्या वाटीतच पाणी घेऊन आला. दुसरं भांडं हाताशी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याने कचेरीत जाऊन साक्ष दिली. छोटीशीच झाली. खुर्ची ठोकत होतो, तोंडात चुका होत्या, मान खाली होती, आवाज ऐकला, धावलो. "त्या वळल्या की नाही?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी पाहिलं नाही."

"हसल्या का?"

"तेही माहीत नाही."

बाईंनी मान हलवली. हे दोन प्रश्न त्यांनी मुद्दामच विचारले होते की काय, कोण जाणे. सही झाल्यावर मग त्यांनी सांगितलं, आधी नाही. गाडीच्या ब्रेकची नळी फुटली होती. उतारावर ती कुणाच्याने थांबली नसती. ड्रायव्हरने वरच्या चौकापासून हॉर्न दाबून धरला होता, पण हॉर्नही धड नव्हता. गाडी कुणी तपासायची होती आणि कुणी तपासली नाही, हे आता कोर्ट बघेल.

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मग सांगायचं नाही का? मी मेलो असतो की."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या सांगण्यावर जगला असतात," बाई म्हणाल्या. "संत्रं घेणार?"

त्याने घेतलं.

तो देखावा अजूनही दिसतो. रात्री नाही, दिवसाच, भलत्याच वेळी. ती वळते, हसते. पण आता तो त्याला ओळखतो. दोरा खालच्या काकूंचा, हातोडा साडूचा, हाक मेहुणीची. हसणं कुणाचं ते मात्र त्याला अजून ठरवता येत नाही, म्हणून ते त्याने ठेवून घेतलंय.

दुकान उघडलं. हिरवी खुर्ची पुरी झाली आणि गिऱ्हाईक घेऊन गेलं. बघून म्हणालं, रंग छान दिसतो. मालकीण असती तर मागून नाक मुरडलं असतं. मशीनवर सुट्टीच्या दिवशी लेक बसते. तिची शिवण वाकडी जाते. तो काही बोलत नाही, नुसता उसवतो.

परवा ती बटणं आणायला समोर निघाली. तो ठोकत होता. त्याला मधेच खडू आठवला. त्याने चुका हातावर काढल्या, उभा राहिला, आणि ती पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत थांबला. मग घसा ताणून ओरडला, "अगं एऽऽ! खडू पण!"

न्हाव्याच्या दुकानातली दोन डोकी बाहेर आली. लेक वळली. रस्त्यापलीकडून तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले, अगदी आईसारखे.

"एकदाच सगळं सांगत जा ना, बाबा!"

मेहुणी फारशी येत नाही. आली की दारातच बसते, भाऊजींच्या डोळ्यांकडे बघत नाही, आणि लवकर उठते. तिला वाटतं, भाऊजींनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आपण कसं विचारलं होतं, ते तिला आठवत नाही. तिला सांगायचं म्हणजे तो प्रश्न तिचा होता, हेही सांगावं लागणार, आणि ते तिला न लागेल असं कसं सांगायचं, ते त्याला सुचलेलं नाही. लेक म्हणते, मी सांगते. तो म्हणतो, नको, मीच.

अजून सांगितलेलं नाही.